छतावरचा कूलर, चँडलर (फिनिक्सजवळ, अॅरिझोना): अख्खा उन्हाळा वापरून झाल्यावर

आधी रेटिंग सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच बघायचंय ते मोकळे. एप्रिल ते जूनचा तिसरा आठवडा पाचपैकी पाच. जुलै-ऑगस्ट पाचपैकी एक, तो पण पंखा म्हणून. सप्टेंबर अडीच. ऑक्टोबर परत पाच. सरासरी तुम्ही काढा, मी साडेतीन म्हणतो, आणि त्यातला अर्धा स्टार वासाचा आहे, ते खाली येईलच.

वस्तू काय आहे ते सांगतो. पत्र्याचा चौकोनी खोका, छतावर बसतो, खालच्या तोंडाने डक्टमधे हवा सोडतो. 4500 सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा), पाऊण हॉर्सपॉवरची दोन स्पीडची मोटर, आठ इंच जाडीचे हनीकोंब पॅड, आणि टाकीतलं खारं झालेलं पाणी काही तासांनी आपोआप बाहेर फेकणारा एक वेगळा छोटा पंप. कूलर 1900 डॉलर, बसवायचे 1200. घर 1978 चं, पंधराशे स्क्वेअर फुटांचं, जुन्या चँडलरमधे, जिथे सोसायटीचे नियम नाहीत (हे महत्त्वाचं आहे, नव्या कॉलन्यांमधे छतावर रस्त्यावरून दिसेल असा कूलर बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा घ्यायच्या आधी आपापली नियमावली वाचा). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की खाली ब्रँडवरून मारामाऱ्या सुरू होतात आणि खरं सांगायचं तर पत्रा, पंप, पट्टा आणि पॅड याच्या पलीकडे यात काही नसतंच. इकडे याला स्वॉम्प कूलर म्हणतात, म्हणजे दलदल कूलर, इतक्या चांगल्या वस्तूला इतकं घाण नाव कोणी दिलं कोण जाणे.

मी मूळचा अकोल्याचा, म्हणजे कूलर मला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्याकडे होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवायचा, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड मारायचा, जुन्या ताट्या उचकटून नव्या भरायच्या, पंपात अडकलेला गाळ टाचणीने काढायचा आणि मग पहिल्यांदा चालू करताना घरातल्या सगळ्यांनी समोर जाऊन उभं राहायचं, ही आमची खरी पाडव्याची पूजा. संध्याकाळी नळीने टाकी भरायचं काम माझं. बाबा ओसरीवरून ओरडायचे, "पाणी वाहून राहिलं रे!" आणि ते खरंच वाहत असायचं कारण मी नळी टाकीत सोडून क्रिकेट खेळायला गेलेलो असायचो.

तर 1997 साली मी कॉन्ट्रॅक्टवर चँडलरला आलो. त्याच्या आदल्या वर्षी इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचा, गावाच्या दक्षिणेच्या ओकोटिओ भागातला कॅम्पस सुरू झाला होता (शहरात इंटेल त्याआधीच, 1980 पासून होती) आणि आमच्यासारखी पोरं दर महिन्याला येत होती. विमानतळावरून आणायला आलेला मित्र म्हणाला, वाळवंट आहे, तयारी ठेव. मी मनात उंट, वाळूचे डोंगर वगैरे धरून बसलेलो आणि दुसऱ्या दिवशी पेकोस रोडच्या दक्षिणेला गेलो तर समोर काय, पऱ्हाटी. हो, कापूस. मैलभर लांब सरळ ओळी, बोंडं धरलेली, कडेच्या सिमेंटच्या चारीतून पाणी वाहतंय. मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ नुसता बघत राहिलो. दहा हजार मैल ओलांडून माणूस अमेरिकेत येतो आणि त्याच्या पुढ्यात बार्शीटाकळीचा रस्ता येऊन पडतो, याला काय म्हणायचं.

कापूस इथे उगाच नव्हता. ज्यांच्या नावाने गाव आहे ते डॉक्टर चँडलर जनावरांचे डॉक्टर होते, त्यांनी जमीन घेऊन, कालवे काढून 1912 मधे प्लॉट विकायला काढले. आधी शहामृग पाळून झाले, बायकांच्या टोप्यांना पिसं लागायची म्हणून, मग ती फॅशन गेली आणि पहिल्या महायुद्धाच्या वेळी गुडइयर टायर कंपनीला टायरमधल्या दोऱ्यासाठी लांब धाग्याचा कापूस हवा होता तो कंपनीने गावाच्या दक्षिणेला लावला. आज जिथे इंटेलचा मोठा कारखाना आहे त्याच बाजूला. शहामृगांच्या नावाने 1989 पासून जत्रा भरते. कापसाच्या नावाने काही भरत नाही.

आता कूलरच्या रिव्ह्यूमधे हे सगळं कशाला असं वाटत असेल तर थांबा जरा, संबंध आहे आणि तोच मुद्दा आहे.

माझी पहिली गाडी 88 सालची, एसी बंद, दुरुस्तीचे सहाशे सांगितले म्हणून तशीच चालवायचो, काचा खाली करून. जूनमधे रात्री दहाला शिफ्ट संपवून अॅरिझोना अव्हेन्यूने वर यायचो तेव्हा काय व्हायचं, कारखान्याच्या पार्किंगमधून निघालं की भट्टी, मग शेतं सुरू झाली की एकदम हवा बदलायची. ओलित चालू असलेल्या शेताच्या बाजूने गाडी गेली की खिडकीतून थंड लाट आत, हातावरचे केस उभे, आणि तो वास, ओल्या मातीचा आणि हिरव्या पाल्याचा. शेत संपलं, घरं आली की परत गरम. परत शेत, परत गार. डोळे मिटून सांगू शकलो असतो कुठल्या चौकात आहे ते (मिटले नाहीत, गाडी चालवत होतो). तेव्हा वाटायचं वाळवंटात रात्री गार होतं म्हणतात ते हेच. नंतर डोक्यात प्रकाश पडला की हे नुसतं वाळवंट नव्हतं, हा कूलर होता. कापूस, अल्फाल्फा, संत्र्याच्या बागा, सगळीकडे पाणी सोडलेलं आणि ते कोरड्या हवेत उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातंय. ताटीवर पाणी सोडून पंखा लावतो तेच, फक्त ताटी मैलभराची आणि पंखा देवाचा. आख्खं गाव एका कूलरमधे राहत होतं आणि कोणाच्या लक्षात नव्हतं, माझ्या तर नाहीच.

2003 च्या ऑक्टोबरमधे बाबा आले. त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवला, "मोठा हाय" म्हणाले. लास व्हेगास दाखवलं, तिथे हॉटेलच्या खोलीतून बाहेरच पडले नाहीत. पण ओकोटिओ रोडच्या कडेला वेचणी चालू होती तिथे मात्र दीड तास उभे. हिरवं यंत्र एका वेळी कितीतरी ओळी साफ करत चाललंय, मागे कापसाचे बसएवढे गठ्ठे दाबून ठेवलेले, वर ताडपत्री. बाबांनी कुंपणाबाहेर पडलेलं एक बोंड उचललं, सरकी वेगळी केली, धागा दोन्ही हातांनी ओढला, परत ओढला. "धागा लांब हाय बाप्पा." मग विचारलं, "वेचाले बाया नाहीत?" मी म्हटलं नाहीत, मशीन. मग पुढचा प्रश्न, जो मला माहीतच होता, "भाव काय देऊन राहिले?" मला भाव माहीत नव्हता. सहा वर्षं त्या शेतावरून जात होतो आणि भाव माहीत नव्हता. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. ते बोंड त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं आणि अकोल्याला नेलं, कस्टममधे कोणी विचारलं नाही.

ते शेत आता नाही. त्या जागी आता भिंतीआड कॉलनी आहे, एकसारख्या मातकट रंगाची घरं, मधे तळं, तळ्यात कारंजं. चूक काही नाही त्यात, माझे निम्मे मित्र तसल्याच कॉलन्यांत राहतात आणि त्यांच्या घरी जेवायला मीच जातो. आकडे बघितले की चक्कर येते एवढंच. चँडलर 1980 ला तीस हजारांच्या आत होतं, 1990 ला नव्वद हजार, 2000 ला पावणेदोन लाखांच्या वर, 2020 ला पावणेतीन लाख. शेजारचं गिल्बर्ट तर 1980 ला 5717 माणसांचं खेडं, 2020 च्या जनगणनेत 2 लाख 67 हजार, आणि गंमत म्हणजे कागदोपत्री अजून स्वतःला टाउनच म्हणवतं. एके काळी तिथून रेल्वेने इतकं गवत बाहेर जायचं की जगाची गवताची राजधानी म्हणायचे. मी आलो तेव्हासुद्धा गिल्बर्टला गोठे होते, दुभत्या गाईंचे मोठमोठे, वारा फिरला की रात्री आमच्याकडेपर्यंत शेणाचा वास यायचा आणि सगळे नाकं मुरडायचे. मी मुरडलं नाही, पण सांगितलं पण नाही की मला बरं वाटतं.

जमीन एकदा गेली की परत शेत होत नाही हे पण इथलं वैशिष्ट्य. 1980 च्या भूजल कायद्याने फिनिक्सच्या आजूबाजूला नवीन जमीन ओलिताखाली आणायला बंदी घातलीय, आधीपासून ओलित होतं तेवढंच चालू. म्हणजे शेत विकून घरं झाली की खातं बंद. पाण्याच्या हिशोबाने बघितलं तर हे बरंच आहे, एकरभर कापसाला जेवढं पाणी लागतं त्यापेक्षा तेवढ्याच जागेतल्या घरांना कमी लागतं, म्हणून शहरवाले म्हणतात आम्ही पाणी वाचवलं. वाचवलं, मान्य. फक्त त्या पाण्याचं आणखी एक काम होतं, संध्याकाळी हवा थंड करायचं, ते कुठल्याच हिशोबात लिहिलेलं नव्हतं. आता त्या जागी डांबर आणि कौलं दिवसभर तापतात आणि रात्रभर परत देत बसतात. 2023 चा जुलै ज्यांनी इथे काढला त्यांना सांगायला नको, सलग 31 दिवस 110 फॅरेनहाइट किंवा वर, म्हणजे आपले 43, आणि एका रात्री तर फिनिक्सचं कमीत कमी तापमान 97 होतं. कमीत कमी! पहाटे 36! अकोल्यात पण मे महिन्यात पहाटे चारला गच्चीवर चादर ओढावी लागायची हो.

त्या जुलैत आमचा एसी एका शनिवारी बंद पडला, माणूस सोमवारी आला. दोन रात्री हॉटेलात काढल्या, आणि तिथे झोप येत नव्हती म्हणून पडल्या पडल्या आठवलं की आपल्या छतावर कूलर होता की. 1999 ला घर घेतलं तेव्हा एसीच्या शेजारी एक गंजका कूलर पण होता, जुन्या घरांना असायचेच, एप्रिल ते जून कूलर आणि पावसाळी दमट हवा आली की एसी, अशीच इथली पद्धत होती. त्याच्या आधी तर हेच सगळं. एसी परवडायच्या आधीच्या काळात फिनिक्समधे घरोघर कूलर होते आणि ते बनवणारे कारखाने पण इथेच होते. आम्ही तो दहा वर्षं वापरला, 2009 ला छत नवीन केलं तेव्हा काढून टाकला, भंगारवाल्याने फुकट नेला. भोक बुजवलं. मीच सांगितलं होतं बुजव म्हणून. तेच भोक परत पाडायचे 2024 च्या मार्चमधे वेगळे पैसे दिले, ते वरच्या 1200 मधे आहेत.

बसवणाऱ्यांबद्दल. नाव नाही लिहिणार, पण अनुभव लिहितो म्हणजे तुम्ही सावध राहाल. एसी आणि कूलर एकाच डक्टवर असतील तर मधे पत्र्याची झडप लागते, एक चालू असताना दुसऱ्याचं तोंड बंद करणारी. यांनी ती झडप अर्धवट उघडी ठेवली. कूलरची निम्मी ओली हवा एसीच्या पेटीत, तिथून परत छतावर. मी तीन दिवस म्हणतोय हवा कमी का येते, फोनवर उत्तर, सर खिडकी उघडा. अहो खिडकी उघडायची असते ते मला माहितीये, मी वऱ्हाडातला आहे! चौथ्या दिवशी आले, झडप सरकवली, दोन मिनिटांचं काम, आणि व्हिजिटचे 95 डॉलर लावले. ते मी दिले नाहीत, पण दोन आठवडे भांडावं लागलं. शिवाय टाकीचं खारं पाणी सोडायची नळी गटरपर्यंत नेलीच नव्हती, छतावरच सोडलेली, त्याचे पांढरे ओघळ अजून दिसतात. तेव्हा बसवून झालं की शिडी लावून स्वतः वर जा, बिल नंतर द्या.

आता चालतो कसा. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं एक माप सांगतो, मी डायरीत लिहून ठेवलंय (बायको म्हणते रिटायर झाल्यावर काय काय करशील याची झलक). दुपारी तीन, बाहेर 106, आपले 41, हवेत दमटपणा आठ टक्के. कूलरच्या तोंडाशी 73. हॉलमधे 79, म्हणजे 26 सेल्सिअस. एवढं थंड हाय स्पीडवर सुद्धा एसीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या विजेत. मे महिन्याचं बिल 2023 ला 210 डॉलर आलं होतं, 2024 ला 120. पाणी तासाला साधारण आठ-दहा गॅलन पितो, ते बिल वीसेक डॉलरने वाढलं. उघडायच्या खिडक्यांचा मात्र हिशोब आहे, ज्या खोलीत गार हवं त्या खोलीची खिडकी वीतभर उघडी ठेवायची, हवा तिकडेच धावते, सगळ्या सताड उघडल्या तर कुठेच धड लागत नाही, सगळ्या बंद ठेवल्या तर घर कुकर होतं. हे माझ्या आईला मॅन्युअल न वाचता कळायचं.

आणि जुलै. जुलैत दक्षिणेकडून दमट हवा आली की खेळ खलास. पूर्वी इथले हवामानवाले मान्सून आला हे ठरवायचेच दवबिंदूवर (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होतं ते, जितकं जास्त तितकी हवा दमट), सलग तीन दिवस सरासरी 55 किंवा वर गेला की मान्सून आला (2008 पासून सरळ 15 जून ते 30 सप्टेंबर अशा तारखा करून टाकल्या, माझ्या मते त्यात मजा नाही). तो 55 चा आकडा कूलरवाल्यांसाठी अजून कामाचा आहे. त्याच्या वर गेलं की घरात 84, सगळं चिकट. मीठ डबीतून पडत नाही, पापड तळून टेबलावर येईपर्यंत मऊ, बाथरूमचं दार फुगून अडकतं, कॅलेंडरची पानं वळतात. बायकोने 8 जुलैला जाहीर केलं, "आता पुरे, एसी लाव," आणि मी लावला. 2024 ला पाऊस जेमतेम पडला पण चिकचिक मात्र व्यवस्थित आली. मग ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उन्हाने रोज रेकॉर्ड मोडलं, लोक वैतागले, पण हवा खडखडीत कोरडी असल्यामुळे आमच्या घरी तो पंधरवडा सगळ्यात सुखाचा गेला. मुलगी कॅलिफोर्नियाहून आली होती, आधी "बाबा, तुम्ही घरावर दुसरं छोटं घर का ठेवलंय" म्हणून हसली, मग तीन दिवस त्याच्याच खाली सोफ्यावर झोपली.

एक खरं सांगायचं तर 1999 चा गंजका कूलर रात्री जास्त गार करायचा. हा नवा आहे, मोटर चांगली, पॅड चांगले, तरी जूनच्या रात्री दोनला पूर्वी पांघरूण लागायचं ते आता लागत नाही. आधी मला वाटलं वय झालं माझं. पण कूलर हवा थंड करतो ती बाहेरचीच, आणि बाहेरची रात्रच आता पूर्वीएवढी गार नाही तर बिचारा खोका काय करेल. मॉडेलचा दोष म्हणून स्टार कापायचा असेल तर कापा, मी नाही कापला.

आता तो अर्धा स्टार. एसी लावला की घर बंद डबा होतं, बाहेर काय चाललंय कळत नाही. कूलर बाहेरचं आत आणतो, दुसरा इलाजच नाही त्याला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला मार्चअखेरीस संत्र्याच्या फुलांचा वास झोपेत आला, पलीकडच्या गल्लीत दोन जुनी झाडं उरली आहेत त्यांचा. मोर्शी-वरुडकडच्या लोकांना सांगायला नको तो वास काय असतो. पहाटे पाचला होले घुमायला लागतात ते खिडकी उघडी असल्यामुळे ऐकू येतं. रात्री मालगाडीची शिट्टी. जुलैत एकदा धड पाऊस झाला तेव्हा मी बायकोला न विचारता एसी बंद करून कूलरचा नुसता पंखा लावला, पाण्याशिवाय, आणि पाच मिनिटांत सगळ्या घरात तो इथला पावसाचा वास, क्रिओसोटच्या झुडपांचा, कडवट औषधी, ज्याला हा आवडतो त्याला दुसरं अत्तर लागत नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुठून येतोय?" मी म्हटलं वरून. अर्थात वाईट पण येतं. पलीकडच्या चौकात नवीन अपार्टमेंट चाललंय त्याचं डांबर, शेजाऱ्यांच्या बार्बेक्यूचा धूर, आणि धुळीचं वादळ आलं तर पाच मिनिटांत बंद करा नाहीतर पॅडचा चिखल होतो. 5 जुलै 2011 ला धुळीची मैलभर उंच भिंत शहरावर चालून आली होती तेव्हा आमच्याकडे कूलर नव्हता हे नशीब.

आवाज पण लिहायला पाहिजे. घुं घुं आहे, हाय स्पीडवर टीव्हीचा आवाज चार घरं वाढवावा लागतो. त्याच आवाजामुळे शेजारचे आजोबा आले. मेक्सिकन घरातले, जन्म इथलाच, ऐंशीच्या पुढचे, पंचवीस वर्षं कुंपणावरून लिंबं आणि तमाले देतात. एप्रिलमधे एके संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून वर बघत होते. म्हणाले आवाज ओळखला. मग अर्धा तास बोलले, एवढे पूर्वी कधी बोलले नव्हते. लहानपणी कापूस वेचलाय त्यांनी, कमरेला लांबलचक पोतं बांधून ओढत, शाळेच्या आधी. उन्हाळ्यात रात्री सगळे अंगणात खाटा टाकून झोपायचे आणि चादर पाण्यात भिजवून, पिळून अंगावर घ्यायचे, ती वाळली की परत भिजवायची. मी म्हटलं आम्ही पण गच्चीवर पाणी मारून झोपायचो. बहिणीचं घर शेजारच्या मेसा शहरात आहे म्हणाले, तिथे अजून कालव्याचं पाणी येतं. ही इथली एक जुनी पद्धत, जुन्या काही वस्त्यांत सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट (कालव्याचं पाणी आणि वीज पुरवणारी इथली संस्था) ठरलेल्या पाळीने अंगणात घोटाभर पाणी सोडतो, रात्री दोनला पाळी आली तर दोनला उठून झडप उघडायची. पाणी सोडणाऱ्या माणसाला सान्हेरो म्हणतात. मी त्यांना सांगितलं आमच्याकडे पाटकरी म्हणतात आणि त्याच्याशी भांडायचं नसतं. ते म्हणाले सान्हेरोशी पण नसतं.

त्यांना विचारलं, कापूस गेला त्याचं वाईट वाटतं का. मला वाटलं हो म्हणतील. म्हणाले छे, कापूस वेचला नाहीस तू कधी म्हणून विचारतोस. मग म्हणाले संध्याकाळची हवा मात्र चांगली होती.

देखभाल: पाणी इथलं कमालीचं जड, पॅडवर पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून पुसा, व्हिनेगर चालतं. पट्टा सैल झाला की किंचाळतो, पाना ठेवा घरात. हनीकोंब पॅड पाचेक वर्षं जातात म्हणे. लाकडाच्या किसाचे पॅड स्वस्त, दर सीझनला बदलायचे, पण पहिले चार दिवस त्यांचा जो वास येतो तो हनीकोंबला नाही. पुढचा कूलर घेतला तर मी किसाचाच घेईन. वाळ्याच्या ताट्या अकोल्याहून मागवायचा विचार केला होता, बायकोने कुरिअरचा खर्च बघितला आणि विषय संपला.

कोणी घ्यावा: घर जुनं असेल, डक्ट छतातून असतील, घरी कोणी वर चढणारं असेल, आणि एसी आधीपासून असेल तर. एकटा कूलर या गावात आता पुरत नाही, लहान बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर एसी शिवाय राहायचा विचार पण करू नका. विकायच्या हिशोबाने घर ठेवलं असेल तर नका घेऊ, एजंट म्हणेल काढा तो डबा.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सीझन बंद केला. वर चढलो, नळ बंद, टाकीचा बूच काढला, तळाशी बोटभर गाळ निघाला, मऊ, चॉकलेटी. त्यात एक पांढरा पुंजका होता, चिकटलेला, नखाएवढा. गावाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला गिला रिव्हरच्या आदिवासींची जमीन आहे तिथे कापूस अजून लावतात, तिथे वेचणी चालू असणार, वारा त्या बाजूने येतो. मी तो पुंजका धुऊन खाली आणला, दोन बोटांनी ओढून बघितला. बायकोने पण बघितला. म्हणाली ड्रायरचं तोंड पण छतावरच उघडतं, तुझ्या बनियनचा असेल.

गाळ लिंबाच्या आळ्यात टाकला. वर कॅनव्हासचं कव्हर घातलं, ते 40 डॉलरला वेगळं घ्यावं लागलं, कूलरसोबत आलं नाही.